ओपनबीएसडी : दोन ओळींत मावणारे नेटवर्क

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये ओपनबीएसडीची ७.६ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मी ती माझ्या रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर बसवली. त्याआधी दहा वर्षांहून अधिक काळ मी लिनक्स वापरत आले होते, त्यामुळे कमांड लिहून काम करण्याची भीती नव्हती. पण लिनक्स येते म्हणजे हीही प्रणाली येणारच, हा माझा समज पहिल्याच संध्याकाळी दूर झाला. या परीक्षणात मी मुख्यतः नेटवर्कच्या मांडणीविषयी लिहिणार आहे, कारण मी सर्वांत जास्त अडले ती तिथेच, आणि पुढे या प्रणालीवर माझा विश्वास बसला तोही तिथेच.

आधी थोडी ओळख करून देते. ओपनबीएसडी हा लिनक्सचा प्रकार नव्हे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात वाढलेल्या युनिक्सच्या शाखेतली ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. थिओ डी राट यांनी १९९५मध्ये नेटबीएसडी प्रकल्पापासून वेगळे होऊन तिचे काम सुरू केले, आणि आजही कॅनडातल्या कॅल्गरी शहरातून त्यांच्याच नेतृत्वाखाली ते चालते. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते आणि हा क्रम वर्षानुवर्षे पाळला गेला आहे. ज्यांनी हिचे नावही ऐकलेले नाही तेसुद्धा हिचे काम वापरत असतात, कारण दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करण्यासाठी जगभर वापरले जाणारे ओपनएसएसएच याच प्रकल्पातून १९९९मध्ये बाहेर पडले. मात्र वापरणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. लिनक्स हे मुळात फक्त कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा. त्याभोवतीची अवजारे निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा करून प्रत्येक वितरण, म्हणजे लिनक्सची वापरायला तयार केलेली आवृत्ती, आपापला संसार मांडते. इथे कर्नेल, नेटवर्कची अवजारे, नेटवर्कवरची ये-जा अडवणारी किंवा जाऊ देणारी फायरवॉल आणि त्या सर्वांचे मॅन्युअल हे एकाच छताखाली, तीच माणसे लिहितात. पुढे मी जे जे सांगणार आहे त्यातल्या बहुतेक गोष्टींचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

प्रणाली बसवण्याचा भाग मला वाटला होता त्याहून पुष्कळच सोपा निघाला. चित्रे नाहीत, माउस नाही. काळ्या पडद्यावर एकामागून एक प्रश्न येतात, प्रत्येक प्रश्नाचे सुचवलेले उत्तर चौकटी कंसात दिलेले असते, आणि बहुतेक ठिकाणी एंटर दाबले की पुरते. संगणकाचे नाव, नेटवर्कचे कार्ड, मूळ वापरकर्त्याचा पासवर्ड, डिस्क कूटबद्ध करायची की नाही, असे मोजके प्रश्न झाले की फाइली उतरू लागतात. डिस्क कूटबद्ध करण्याचा प्रश्न ७.३पासून या प्रश्नावलीतच आला आहे. त्याआधी हे काम हाताने करावे लागे. माझ्या लॅपटॉपवर सगळे मिळून वीस मिनिटेही लागली नाहीत. शेवटी अभिनंदनाचा संदेश येतो आणि पहिल्यांदा लॉगिन केल्यावर आपली मेल वाचा, अशी सूचना असते. ही सूचना मी औपचारिक समजून सोडून दिली, आणि ती माझी पहिली चूक ठरली. त्या मेलमध्ये ‘आफ्टरबूट’ नावाचे मॅन्युअलचे पान वाचायला सांगितलेले असते, आणि नवख्या माणसाला पहिल्या दिवशी जे जे तपासावे लागते ते सारे त्या पानावर क्रमाने दिलेले आहे.

माझ्या लॅपटॉपला केबलचे सॉकेट नाही. आहे ते फक्त वायफाय. प्रणाली सुरू झाली, पडद्यावर संदेश सरकू लागले, आणि त्यांत वायफाय कार्डाच्या नावापुढे फर्मवेअर वाचता आले नाही, अशी एक ओळ दिसली. मी एक्सएफसीई हा डेस्कटॉप सवयीचा असल्याने तोच बसवायचा असे ठरवून आले होते. पण पॅकेज उतरवायला नेट हवे, नेटसाठी वायफाय हवे, वायफायसाठी फर्मवेअर हवे, आणि ते फर्मवेअर पुन्हा नेटवरूनच आणायचे. या ठिकाणी अनेक जण कंटाळून परत फिरत असतील, म्हणून यामागचे कारण आणि त्यातून सुटण्याचा मार्ग जरा सविस्तर सांगते.

वायफायच्या बहुतेक चिप स्वतःच्या बळावर चालत नाहीत. सुरू होताना त्यांच्या आत एक छोटा प्रोग्राम, म्हणजेच फर्मवेअर, भरावा लागतो. तो प्रोग्राम उत्पादकाचा असतो, आणि त्याचा परवाना पुष्कळदा इतका मोकळा नसतो की तो कोणीही आपल्या प्रणालीबरोबर वाटून द्यावा. परवान्याच्या बाबतीत ओपनबीएसडीची माणसे फार काटेकोर आहेत. त्यामुळे असे फर्मवेअर मूळ प्रणालीत न ठेवता वेगळ्या सर्व्हरवर ठेवले जाते आणि ‘एफडब्ल्यू-अपडेट’ ही कमांड आपल्या संगणकातली चिप ओळखून नेमके हवे तेवढे उतरवून घेते, तेही स्वाक्षरी तपासून. केबलचे सॉकेट असलेल्या संगणकावर पहिल्यांदा सुरू होतानाच हे आपोआप होते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. सॉकेट नसेल तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे दुसऱ्या संगणकावर फर्मवेअरची फाइल उतरवून ती पेन ड्राइव्हने आणणे. दुसरा मार्ग, जो मी निवडला, तो म्हणजे फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला देणे. मी केबल जोडली, फोनवर टेदरिंग, म्हणजे इंटरनेट वाटून देण्याची सोय, चालू केले, आणि पडद्यावर ‘यूआरएनडीआयएस०’ नावाचे नवे कार्ड हजर झाल्याची ओळ उमटली. त्या कार्डासाठी एक फाइल करून (ती कशी करायची ते पुढे सांगते) तीत ‘आयनेट ऑटोकॉन्फ’ एवढेच लिहिले, नेटवर्क सुरू करणारी स्क्रिप्ट चालवली, आणि नेट आले. मग एफडब्ल्यू-अपडेट चालवले आणि मिनिटभरात वायफायचे कार्ड कामाला तयार झाले.

आता या फाइलीविषयी, कारण या सगळ्या लेखनाचे कारण तीच आहे. डेस्कटॉप बसवून झाल्यावर मी सवयीने उजव्या कोपऱ्यात वायफायचे चिन्ह शोधले. ते तिथे नव्हते. लिनक्सवर हे काम करणारा नेटवर्क मॅनेजर इथे नाहीच. इथे ‘ईटीसी’ डिरेक्टरीत ‘होस्टनेम’ या शब्दापुढे टिंब आणि त्यापुढे कार्डाचे नाव, अशा नावाची साधी मजकुराची फाइल करायची असते. माझ्या कार्डाचे नाव ‘आयडब्ल्यूएम०’. तेव्हा फाइलीचे नाव ‘होस्टनेम.आयडब्ल्यूएम०’. तीत पहिल्या ओळीत ‘जॉइन’ हा शब्द, वायफायचे नाव, मग ‘डब्ल्यूपीएकी’ हा शब्द आणि पासवर्ड; दुसऱ्या ओळीत ‘आयनेट ऑटोकॉन्फ’, म्हणजे पत्ता राउटरकडून आपोआप घे. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते, हवे असतील तर तिसरी ओळ. बस्स. पासवर्ड या फाइलीत उघडा लिहिलेला असतो, म्हणून ती इतर वापरकर्त्यांना वाचता येणार नाही अशी परवानगी तिला द्यावी लागते, हे मात्र विसरू नये.

ही फाइल इतकी छोटी का असू शकते, हे समजायला मला आठवडा लागला. इथे कार्डाशी संबंधित जवळपास प्रत्येक काम ‘इफकॉन्फिग’ ही एकच कमांड करते: पत्ता देणे, आसपासची वायफाय नेटवर्क शोधणे, त्यांतल्या एकाला जोडणे, दोन कार्डांचा पूल बांधणे, व्हीलॅन करणे (एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्क चालवणे), एवढेच काय, ६.८ या २०२०मधल्या आवृत्तीपासून वायरगार्डचा बोगदा, म्हणजे दोन संगणकांमधली कूटबद्ध जोडणी, उभारणेसुद्धा. लिनक्सवर यांतल्या बऱ्याच कामांना वेगळी कमांड लागते आणि प्रत्येकीची बोलण्याची तऱ्हा वेगळी असते. होस्टनेमच्या फाइलीतली ओळ ही जवळजवळ जशीच्या तशी इफकॉन्फिगला दिली जाते. त्यामुळे जे कमांड म्हणून आधी करून पाहिले आणि जमले, तेच फाइलीत उतरवून ठेवले की कायमचे झाले. आणि फाइलीतले काही चालत नसेल तर तीच ओळ हाताने चालवून ते कुठे अडते हे पाहता येते. या फाइली वाचून कामाला लावणारी ‘नेटस्टार्ट’ हीही एक शेल स्क्रिप्ट आहे, आणि ती उघडून वरपासून खालपर्यंत वाचता येते. मी ती वाचली, कारण मला ती वाचावी लागली.

झाले असे की पहिल्या प्रयत्नात मी फाइलीच्या नावात शेवटचे शून्य लिहायला विसरले. नेटस्टार्ट चालवले, चूक दाखवणारा एकही संदेश नाही, आणि नेटही नाही. इफकॉन्फिगने कार्डाची अवस्था ‘नो नेटवर्क’ अशी दाखवली. पासवर्ड तीनदा तपासला, राउटर बंद करून चालू केला, आणि अर्धा तास गेल्यावर, दुसरे काही सुचेना म्हणून, स्क्रिप्ट उघडली. तिच्यात स्पष्ट दिसत होते की कार्डाच्या नावात अक्षरांनंतर अंक नसेल तर ती फाइल गाळायची. शून्य जोडले, पुन्हा चालवले, अवस्था ‘ॲक्टिव्ह’ झाली, आणि सिग्नल किती टक्के आहे हेही त्याच ठिकाणी दिसू लागले. चुकीच्या नावाची फाइल मुकाट्याने गाळली जाते ही उणीवच आहे आणि निदान एक सूचना यायला हवी, असे माझे मत आहे. पण बिघाडाचे कारण शेवटी मला माझ्याच डोळ्यांनी, मला कळणाऱ्या पन्नास-साठ ओळींत सापडले, ही गोष्टही तितकीच खरी आहे. लिनक्सवर माझे वायफाय रुसायचे तेव्हा मी बहुतेक वेळा संगणक बंद करून पुन्हा चालू करत असे, आणि ते का चालू झाले हे मला कधीच कळत नसे.

घर, कचेरी आणि फोनचे हॉटस्पॉट अशा तीन ठिकाणी मी लॅपटॉप वापरते. त्यासाठी जॉइनच्या तीन ओळी लिहिल्या, एवढेच. कार्ड आसपासची नेटवर्क पाहते, यादीतले जे सापडेल ते जोडते, आणि यादीत नसलेल्या नेटवर्कला स्वतःहून हात लावत नाही. ही सोय ६.४ या २०१८च्या आवृत्तीत आली. त्याआधी एका वेळी एकच नाव सांगता येई आणि लोक त्यासाठी स्वतःच्या स्क्रिप्ट लिहीत. ज्या सार्वजनिक ठिकाणी जोडल्यावर आधी लॉगिनचे पान भरावे लागते तिथे थोडी अडचण होते, कारण ते पान आपोआप समोर येत नाही, ब्राउझर उघडून आपणच शोधावे लागते. तसेच मोठ्या संस्थांमध्ये प्रत्येकाला वेगळे नाव आणि पासवर्ड देणारे वायफाय असते, ते मूळ प्रणालीला जमत नाही; त्यासाठी ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ हे पॅकेज वेगळे बसवावे लागते. ज्यांचे सारे दिवस अशा नेटवर्कवर जातात त्यांनी हे आधी पाहून घ्यावे.

कार्डांच्या नावांची पद्धतही सुरुवातीला खटकते. लिनक्सवर एके काळी सगळी केबलची कार्डे एकाच नावाने ओळखली जात, आता तिथे कार्ड कोणत्या खाचेत बसले आहे त्यावरून लांबलचक नाव तयार होते. इथे नाव ठरते ते ड्रायव्हरवरून: एका जातीच्या चिपचे कार्ड ‘ईएम०’, दुसऱ्या जातीच्या चिपचे ‘आरई०’. कार्ड बदलले तर नाव बदलते आणि फाइलीचेही नाव बदलावे लागते, म्हणून मला ही पद्धत गैरसोयीची वाटली होती. मग एक दिवस सहज ‘मॅन आयडब्ल्यूएम’ असे लिहून पाहिले. माझ्या कार्डाचे मॅन्युअल उघडले. कोणकोणत्या चिप चालतात, कोणती फर्मवेअर फाइल लागते, कोणता चुकीचा संदेश आला तर त्याचा अर्थ काय, आणि आसपासची नेटवर्क शोधण्याचे आयते उदाहरण, हे सगळे त्या एका पानावर होते. कार्डाचे नाव हेच त्याच्या मॅन्युअलचेही नाव आहे, हे कळल्यावर ती पद्धत मला गैरसोयीची वाटणे थांबले.

मॅन्युअलविषयी आणखी लिहिलेच पाहिजे. नेटवर्क बिघडते तेव्हा उत्तर नेटवर शोधता येत नाही, हे उघड आहे, पण त्याचा विचार आपण आधी करत नाही. ओपनबीएसडीची सगळी मॅन्युअल पाने संगणकातच असतात, आणि ती टिपणे नसून नीट लिहिलेली, उदाहरणे दिलेली, चालू आवृत्तीशी जुळणारी पाने असतात. मॅन्युअलमधली चूक हा इथे प्रोग्राममधल्या चुकीइतकाच गंभीर दोष मानला जातो. उलट, नेटवर मिळणारे जुने सल्ले मात्र दिशाभूल करतात. ७.० या २०२१च्या आवृत्तीपासून राउटरकडून पत्ता घेण्याचे काम ‘डीएचसीपीलीज्ड’ हा पडद्यामागे चालणारा प्रोग्राम करतो आणि नावे शोधणाऱ्या सर्व्हरांची यादी ‘रिझॉल्व्हडी’ सांभाळतो. पण जुन्या मार्गदर्शिका अजूनही आधीच्या ‘डीएचक्लायंट’ची कमांड चालवायला सांगतात. मी तसे केले आणि एक संध्याकाळ वाया घालवली. त्यानंतर मी नियम केला की आधी मॅन, मग बाकीचे सगळे. रिझॉल्व्हडीची एक छोटी गोष्ट मला फार आवडते: तो सर्व्हरांच्या फाइलीत जी ओळ घालतो तिच्या शेवटी ती कोणत्या कार्डाकडून आली हे लिहून ठेवतो, आणि आपण हाताने लिहिलेल्या ओळी राहू देतो. त्यामुळे कोणती ओळ माझी आणि कोणती प्रणालीची, हा संभ्रम उरत नाही.

लॅपटॉपवर जम बसल्यावर मी धीर करून दोन सॉकेट असलेला एक जुना छोटा संगणक घेतला आणि त्यावर हीच प्रणाली बसवून घरचा राउटर केला. इथे ‘पीएफ’शी, म्हणजे या प्रणालीच्या फायरवॉलशी, गाठ पडली. आधी वापरात असलेल्या आयपीफिल्टर या फायरवॉलच्या परवान्यावरून मतभेद झाल्याने ती २००१मध्ये काढून टाकण्यात आली, तिच्या जागी डॅनियल हार्टमायर यांनी पीएफ लिहायला घेतली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ३.० या आवृत्तीतून ती बाहेर आली. पुढे ती फ्रीबीएसडी आणि मॅकओएसपर्यंत पोहोचली. तिचे नियम जवळजवळ वाक्यासारखे वाचता येतात: अडव किंवा जाऊ दे, आत की बाहेर, कोणत्या कार्डावर, कुठून कुठे. शिवाय ‘इग्रेस’ हा शब्द वापरला की ज्या कार्डातून बाहेरच्या जगाकडे जाण्याची मुख्य वाट आहे ते कार्ड, असा अर्थ होतो. म्हणजे कार्ड बदलले तरी नियम तसेच राहतात. कर्नेलच्या एका सेटिंगमधले शून्य बदलून एक केले, पत्ते वाटणारा प्रोग्राम चालू केला, आणि पीएफच्या वीसेक ओळींत घरातले सगळे फोन आणि संगणक तिच्यामागे चालू लागले.

मात्र लिनक्सवरच्या आयपीटेबल्स या फायरवॉलची सवय असलेल्यांना इथे एक ठेच लागतेच. तिथे पहिला जुळणारा निर्णायक नियम लागू होतो आणि शोध थांबतो. पीएफमध्ये सगळे नियम वाचले जातात आणि शेवटचा जुळणारा नियम लागू होतो, जोपर्यंत मध्येच एखाद्या नियमाला ‘क्विक’ हा शब्द लावलेला नाही. मी सवयीने आधी परवानग्या लिहिल्या आणि तळाशी ‘बाकी सगळे अडव’ ही ओळ घातली. नियम लागू करण्याआधी व्याकरण तपासण्याची सोय आहे, ती मी वापरली, आणि व्याकरणात चूक नसल्याने तपासणी पार पडली. नियम लागू केले. शेजारच्या खोलीत बहिणीचा व्हिडिओ कॉल चालू होता, तो चालूच राहिला. पण माझ्या ब्राउझरमध्ये एकही नवे पान उघडेना. दोन मिनिटे मला काहीच उलगडा होईना. मग लक्षात आले की पीएफ एकदा मान्य केलेल्या प्रत्येक जोडणीची नोंद ठेवते, त्या जोडणीचे पुढचे सगळे तुकडे त्या नोंदीवरून जातात, आणि नवे नियम लागू केले तरी जुन्या नोंदी पुसल्या जात नाहीत. माझ्या तळाच्या ओळीने नवी प्रत्येक जोडणी अडवली होती आणि जुनी एकही तोडली नव्हती. राउटरवर एसएसएचने केलेले माझे लॉगिनही याच कारणाने जिवंत होते. ती खिडकी मी चुकून बंद केली असती तर मला राउटरला पडदा आणि कीबोर्ड जोडावा लागला असता. अडवण्याची ओळ तळातून उचलून सर्वांत वर नेली, आणि सगळे सुरळीत झाले. नियमांचा हा क्रम आता मला अधिक स्वाभाविक वाटतो: आधी सर्वसाधारण नियम सांगायचा आणि मग त्याचे अपवाद.

आता उणिवा, आणि त्या कमी नाहीत. वायफायचा वेग हा पहिला मुद्दा. वायफायच्या ८०२.११एसी या पिढीचा वेग काही ड्रायव्हरांना ७.१ या २०२२च्या आवृत्तीत मिळाला, आणि त्याहून नव्या पिढीची माझ्या ओळखीच्या जातीची कार्डे चालली तरी ती एसीच्याच चालीने चालतात. मोठ्या फाइली सतत हलवणाऱ्यांना हे जाणवेल. ब्लूटूथ नाही, त्याचे अपुरे राहिलेले काम २०१४मध्ये ५.६ या आवृत्तीतून काढूनच टाकले, म्हणून मी पुन्हा तारेचे हेडफोन वापरू लागले आहे. फाइल सिस्टीमला जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेले बदल चटकन सावरण्यासाठी ठेवलेली नोंदवही, नाही. वीज अचानक गेली तर पुढच्या वेळी सुरू होताना सगळ्या विभागांची तपासणी होते आणि मोठ्या डिस्कवर तिला बराच वेळ लागतो. राउटरसाठी तर या एका कारणामुळे बॅटरीचा आधार मी आवश्यक मानते. मायक्रोफोन आणि कॅमेरा मुळात बंद ठेवलेले असतात आणि ते आपण जाणीवपूर्वक चालू करायचे असतात. हे मला मान्य आहे, पण पहिल्या मीटिंगच्या आधी ते माहीत असायला हवे.

ब्राउझरची एक गोष्ट वेगळी सांगते, कारण ती उणीव आहे की गुण, हे ज्याने त्याने ठरवावे. ईमेलला एक कागदपत्र जोडायचे होते. फाइल माझ्या कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये होती, टर्मिनलमध्ये दिसत होती, पण फायरफॉक्सच्या खिडकीत तो फोल्डरच रिकामा दिसत होता. कारण असे की इथे फायरफॉक्सला ‘अनव्हेल’ या यंत्रणेने बांधून ठेवलेले आहे. घरच्या डिरेक्टरीतला डाउनलोड्सचा फोल्डर आणि स्वतःच्या कामापुरत्या काही जागा सोडल्या, तर बाकीचे घर त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. २०१८च्या ६.४ आवृत्तीत ही यंत्रणा आली. जोडायची फाइल आधी डाउनलोड्समध्ये ठेवायची, ही सवय लावून घ्यायला मला महिना लागला. त्या बदल्यात एखाद्या फसव्या पानाने ब्राउझरवर ताबा मिळवला तरी माझ्या खासगी किल्ल्या आणि कागद त्याच्या हाती लागणार नाहीत, आणि ही देवघेव मला पटलेली आहे.

२०२५च्या एप्रिलअखेरीस ७.७ ही आवृत्ती निघाली. एका आवृत्तीवरून दुसऱ्या आवृत्तीवर जाताना माझ्या पोटात नेहमी गोळा येतो, त्यामुळे मी आधी दोन्ही संगणकांतल्या महत्त्वाच्या फाइलींच्या प्रती करून ठेवल्या. मग ‘सिसअपग्रेड’ ही एक कमांड दिली. तिने नव्या फाइली उतरवल्या, स्वाक्षऱ्या तपासल्या, संगणक स्वतःच बंद होऊन सुरू झाला, काम उरकून पुन्हा सुरू झाला, आणि लॉगिनची खिडकी समोर आली. वायफाय आधीच जोडलेले होते. होस्टनेमच्या फाइलीत एकाही अक्षराचा बदल करावा लागला नाही. त्यानंतर पॅकेज अद्ययावत करायची आणखी एक कमांड, आणि संपले. राउटरही त्याच रात्री नव्या आवृत्तीवर गेला, आणि घरातल्यांना फक्त पंधरा मिनिटे नेट नव्हते. मात्र इथे शेवटच्या दोनच आवृत्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, म्हणजे वर्षातून निदान एकदा हे करावेच लागते. एकदा बसवून पाच वर्षे हात लावायचा नाही, असे ज्यांना हवे त्यांच्यासाठी ही प्रणाली नाही.

एका कारणासाठी मात्र मी हिची शिफारस निःसंकोचपणे करीन: आपल्या संगणकाचे नेटवर्क कसे चालते हे ज्याला स्वतः समजून घ्यायचे आहे, त्याच्यापासून ही प्रणाली काहीही लपवत नाही, आणि समजून घ्यायला लागणारे सारे साहित्य ती बरोबर घेऊन येते. खेळ, ब्लूटूथ किंवा अतिवेगवान वायफाय ज्यांना हवे त्यांनी आहे तिथेच राहावे. करून पाहायचे असेल तर लॅपटॉपची मूळ डिस्क पुसण्याची गरज नाही. दोन पेन ड्राइव्ह घ्या. एकीवर बसवण्याची प्रत तयार करा आणि प्रणाली दुसरीवर बसवा. डिस्क निवडण्याच्या प्रश्नाला मात्र एंटर दाबू नका. प्रश्नचिन्ह लिहून डिस्कांची यादी मागवा, आकार पाहून पेन ड्राइव्हचे नाव स्वतः लिहा, आणि फोनची यूएसबी केबल हाताशी ठेवा. ती पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला की इफकॉन्फिग चालवा आणि आपले वायफाय कार्ड कोणत्या नावाने हजर आहे ते पाहा. नाव दिसले तर त्या नावाचे मॅन उघडा. नाव दिसलेच नाही, तर तो लॅपटॉप या कामाचा नाही, हे तुम्हाला डिस्क न पुसताच कळलेले असेल.